प्राजक्ताची नोंद ठेवणारे डॉक्टर

नववीतली वाळवलेल्या पानाफुलांची वही आठवते का? बाईंचा नियम एकच होता: पुस्तकातलं उतरवू नका, पाहिलंत तेच लिहा. शाळेमागच्या प्राजक्ताचं पान सगळ्यांच्याच वहीत होतं. त्याच प्राजक्ताबद्दल सोळाव्या शतकात गोव्यात एका पोर्तुगीज डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचं नाव गार्सिया द ओर्ता.

त्यांचे आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेले आणि पोर्तुगालमध्ये पुढे सक्तीनं ख्रिस्ती झाले. ओर्तांनी स्पेनमध्ये वैद्यक शिकून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलं. १५३४ मध्ये ते जहाजानं गोव्याला आले आणि मरेपर्यंत, म्हणजे ३४ वर्षं, इथलेच झाले. त्यांनी पोर्तुगीज गव्हर्नरांवर उपचार केले, तसेच अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही. गोव्यात त्यांची औषधी झाडांची बाग होती. मुंबई बेट त्यांना पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्यानं मिळालं होतं. तिथंही त्यांची बाग होती आणि तिथल्या आंब्याचं त्यांना भारी कौतुक.

वैद्य, हकीम, व्यापारी, जो भेटेल त्याला ते झाडांची माहिती विचारत. ग्रीक ग्रंथांत एक लिहिलेलं आणि डोळ्यांना दुसरंच दिसलं, तर तसं स्पष्ट सांगत. १५६३ मध्ये गोव्यातच त्यांचं पुस्तक छापलं गेलं. त्यात दोन डॉक्टरांच्या गप्पांमधून मिरी, हिंग, फणस, भांग यांची माहिती येते, पटकीच्या रोगाचीही. चार वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप निघाला आणि ते युरोपभर पोहोचलं.

मात्र १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. १५६८ मध्ये ओर्ता वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला, चोरून ज्यू धर्म पाळते म्हणून, जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्तांचीही हाडं उकरून जाळण्यात आली. झाडांबद्दल इतकं उघडपणे लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराबद्दल मात्र जन्मभर गप्प राहावं लागलं असणार.

आज पणजीतल्या एका बागेला त्यांचं नाव आहे. मी सॉफ्टवेअरवाली, मॅन्युअलवर विसंबून, स्वतः न तपासता कितीदा तरी तोंडघशी पडले आहे. त्या बागेत गेले की बाईंचा नियम आठवतो. बाई, माझी वही अजून आहे.