जळालेला चित्रपट पुन्हा काढणारा माणूस

कारागिराचे घर जळते तेव्हा दोन गोष्टी एकदम जातात. डोक्यावरचे छप्पर जाते आणि हातातले कामही जाते. विणकराचा माग, सुताराचा रंधा, कुंभाराचे चाक, सारे त्याच छपराखाली असते. शेजारीपाजारी चार दिवस जेवण आणून देतात, नातेवाईक अंगावरचे कपडे देतात. वर्षानुवर्षे हाताला बसलेली हत्यारे कोण देणार? आणि अर्धेमुर्धे झालेले, उद्या-परवा पुरे व्हायचे काम जळले, तर त्याचे मोल कोणाच्याच वहीत लिहिलेले नसते.

मराठी चित्रसृष्टीत असा प्रसंग भालजी पेंढारकरांवर आला. १९४८ साली कोल्हापुरातला त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. तेव्हा भालजींनी पन्नाशी गाठली होती. सगळे आवरते घेऊन स्वस्थ बसावे, असे म्हणायला ते वय पुरेसे होते. भालजी त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जगले आणि त्यातली बहुतेक वर्षे त्यांनी काम करण्यात घालवली. शिवकालीन चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून आपण त्यांना ओळखतो. आगीनंतरचे भालजी त्या मानाने कमी आठवले जातात.

कोल्हापूरच्या मातीतले शिक्षण

भालचंद्र गोपाळ पेंढारकर यांचा जन्म १८९७-९८च्या सुमारास कोल्हापूरचा. ते वयात येत होते तेव्हा त्या गावात नाटक, चित्रकला, कुस्ती आणि गाणे यांना राजाश्रय होता. बाबूराव पेंटरांनी तिथेच स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशी शिक्षण नाही, मोठे भांडवल नाही. लेथ, करवत आणि कुंचला एवढ्यावर उभी राहिलेली ती शाळा होती. भालजींचे थोरले बंधू बाबूराव पेंढारकर त्या मंडळींत होते. भालजीही लेखनाच्या आणि नाटकाच्या वाटेने तिकडेच ओढले गेले.

पुढची वाट काही सरळ नव्हती. मूकपटांच्या काळात त्यांनी काढलेल्या ‘वंदे मातरम् आश्रम’ला सरकारी सेन्सॉरच्या कात्रीने घायाळ केले. बोलपट आल्यावर मात्र १९३२ सालच्या ‘श्यामसुंदर’ने मुंबईत पंचवीस आठवडे चालण्याचा मान मिळवला. १९३३ साली कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पाठबळाने कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली आणि तिचा ‘आकाशवाणी’ भालजींनी दिग्दर्शित केला. मग ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’ असे एकामागून एक चित्रपट आले. घोडेस्वार, मावळे, वाड्यांचे दिंडीदरवाजे आणि रांगडी बोली यांतून शिवकाळ कसा दिसतो, हे मराठी प्रेक्षकाच्या मनात ठसवण्यात या चित्रपटांचा वाटा मोठा आहे.

चाळीसच्या दशकात सिनेटोनची ती वास्तू भालजींच्या ताब्यात आली आणि जयप्रभा स्टुडिओ या नावाने नांदू लागली. १९४४चा ‘महारथी कर्ण’ आणि १९४६चा ‘वाल्मीकि’ हे याच काळातले. पहिल्यात पृथ्वीराज कपूर कर्ण झाले, तर दुसऱ्यात तरुण राज कपूरने नारद रंगवला. चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे हे बंधू, सुलोचनाबाई अशी कितीतरी माणसे भालजींच्या हाताखाली घडली. कोल्हापूरकर त्यांना बाबा म्हणत.

जानेवारीचे ते दिवस

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी मराठी आणि ब्राह्मण आहे हे कळताच दक्षिण महाराष्ट्रात संतापाचा वणवा पेटला. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने, कारखाने जाळले गेले. ज्यांचा त्या कृत्याशी सुतराम संबंध नव्हता त्यांचेही संसार रस्त्यावर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ओसाड माळावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीतला, शेतकऱ्यांसाठी नांगर घडवणारा कारखानाही त्याच लाटेत जाळला गेला. भालजींनी हिंदुत्वाच्या विचारांशी असलेली आपली जवळीक कधी लपवली नव्हती. जमावाचा रोख जयप्रभाकडे वळला आणि स्टुडिओ पेटवून देण्यात आला.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे काय, हे आज जरा समजून घ्यायला हवे. लाकडी चौकटी, त्यांवर ताणलेले रंगवलेले कापड, बांबू, दोर, पडदे, ऐतिहासिक चित्रपटांचे भरजरी पोशाख, सुतारखाना, रंगखाना हे सारे एका आवारात. एक ठिणगी पुरे होईल असाच तो संसार. त्यात फिल्म. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. हा पदार्थ जळताना लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतो, त्यामुळे एकदा पेटला की पाणी ओतूनही विझत नाही. सुरक्षित फिल्मचा सर्रास वापर पुढे १९५०नंतर सुरू झाला. शिवाय निगेटिव्ह एकच असते. प्रत जळाली तर दुसरी काढता येते. निगेटिव्ह जळाली की तो चित्रपट संपला.

जयप्रभात त्या वेळी ‘मीठभाकर’ या चित्रपटाची निगेटिव्ह होती. तो चित्रपट अजून लोकांसमोर यायचा होता. गरिबाच्या ताटातल्या साध्या जेवणाचे नाव घेतलेला तो चित्रपट कोणीही पाहण्याआधीच राख झाला.

पुन्हा पहिल्यापासून

अशा वेळी माणसापुढे दोन-तीन वाटा असतात. गाव सोडून मुंबई गाठता येते. भालजींना मुंबई परकी नव्हती आणि तिथे त्यांना कामही मिळाले असते. झाले ते झाले म्हणून नव्या चित्रपटाला हात घालता येतो. आपल्यावर झालेला अन्याय हाच उरलेल्या आयुष्याचा विषय करता येतो. भालजींनी यांपैकी काहीच केले नाही. ते कोल्हापुरातच राहिले आणि त्यांनी जळालेला ‘मीठभाकर’च पुन्हा काढला. १९४९ साली तो प्रदर्शित झाला.

झालेले चित्रीकरण पुन्हा करणे हे कंटाळवाणे आणि खर्चाचे काम आहे. ज्या भिंती उभारून मोडल्या त्या पुन्हा उभारायच्या. नटनट्यांच्या तारखा पुन्हा जुळवायच्या. एकदा मनासारखा साधलेला प्रसंग पुन्हा साधेल याची खात्री नाही. नव्या कामात नवेपणाचा उत्साह तरी असतो. इथे प्रत्येक पायरीला पहिली आठवण आडवी येते. पण या कामाला एक फायदाही आहे. काय करायचे हे ठाऊक असते. कथा डोक्यात असते, प्रसंगांचा क्रम पाठ असतो आणि ज्यांनी ते काम एकदा केले ती माणसे आसपास असतात. आगीत सामान गेले होते, जाणकार हात शाबूत होते. भालजींनी सुरुवात तिथून केली. मोठ्या नुकसानीनंतर पुढचे दहा वर्षांचे बेत सुचत नाहीत, उद्या सकाळी काय करायचे एवढे कळले तरी पुष्कळ असते. जळालेल्या चित्रपटाने त्यांना ती उद्याची सकाळ दिली.

त्याच वर्षी ‘शिलंगणाचे सोने’ आला. ‘मी दारू सोडली’, ‘शिवा रामोशी’ मागोमाग आले. आगीला चार वर्षे झाली असताना, १९५२ साली, भालजींनी ‘छत्रपती शिवाजी’ हा भव्य चित्रपट पडद्यावर आणला. महाराजांच्या भूमिकेत चंद्रकांत, मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर. ज्या गावात त्यांचा स्टुडिओ जळला त्याच गावातल्या लोकांनी त्यांच्या चित्रपटांत मावळे व्हावे आणि तिकीट काढून तेच चित्रपट पाहावेत, असा हा व्यवहार पुन्हा सुरू झाला. त्याआधी कोणी कोणाला क्षमा केली, याची जाहीर नोंद नाही. चालू कामाने तो दुरावा हळूहळू भरत नेला असावा.

दुसरे नुकसान

इथे गोष्ट संपवली तर ती सुखाची होईल, पण खरी होणार नाही. आगीचा दाह ओसरतो, तिच्यापायी झालेले कर्ज ओसरत नाही. स्टुडिओ उभा करायचा, चित्रपट काढायचे, नोकरमाणसांचे पगार भागवायचे आणि वर व्याज फेडायचे. या ओझ्याखाली भालजी वर्षानुवर्षे वाकले. शेवटी १९५९ साली जयप्रभाची मालकी त्यांच्या हातून गेली. जे जमावाच्या मशालींना पुरते जमले नव्हते ते सावकारी कागदांनी केले.

स्टुडिओ लता मंगेशकर यांनी घेतला. वडील गेल्यावर लहान वयात त्यांनी चित्रपटात काम सुरू केले, त्यातली काही वर्षे कोल्हापुरात गेली होती आणि भालजींविषयी त्यांच्या मनात वडीलधाऱ्याचा आदर होता. मालकी बदलली, पण भालजींचे काम तिथे चालू राहिले. मालक होता त्याच जागेत पाहुणा होऊन काम करणे मानी माणसाला सोपे नसते. भालजींनी तेही केले. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने त्यांच्या चित्रपटांना संगीत दिले: ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. यांतल्या शेवटच्या चित्रपटातून १९६९ साली दादा कोंडके पडद्यावर आले.

१९६५चा ‘साधी माणसं’ बहुतेक घरांतल्या जुन्या पिढीला आठवत असेल. गावाकडच्या एका लोहाराची आणि त्याच्या बायकोची ती कथा. घरालगत भट्टी, समोर ऐरण, बाईच्या हातात भाता. याच घरात विस्तव हा पोटाचा आधार आहे आणि त्याची पूजा होते. ज्याचा स्वतःचा कारखाना आगीत गेला त्याने सतरा वर्षांनी असे घर पडद्यावर मांडले, यातून काय अर्थ काढायचा तो ज्याने त्याने काढावा.

भालजींना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. जयप्रभाच्या जागेचा प्रश्न त्यांच्यामागेही धुमसत राहिला आणि २०२२ साली ती वास्तू वाचावी म्हणून कोल्हापूरच्या कलावंतांनी आंदोलन केले. नायट्रेटच्या जुन्या फिल्मांचा घातही थांबला नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातल्या कितीतरी जुन्या फिल्मा भस्मसात झाल्या.

आगीत सर्वस्व गमावलेल्या माणसाला धीर देताना आपण सहज म्हणून जातो की सगळे पूर्ववत होईल. भालजींच्या बाबतीत तसे झाले नाही. पहिला ‘मीठभाकर’ परत आला नाही, स्टुडिओची मालकीही टिकली नाही. परत आले ते रोजचे काम. सकाळी उठून जायची जागा, वाट पाहणारी माणसे आणि हाती घेतलेला पुढचा प्रसंग एवढे त्यांनी पुन्हा मिळवले आणि ते अखेरच्या वर्षांपर्यंत जपले.