राजा भोज : राजधानी जळली, देऊळ अर्धवट राहिलं, पण डिझाइनची पहिली पायरी मागे ठेवून गेला

अंबरनाथ स्टेशनला पूर्वेला उतरून रिक्षा पकडली की थोड्याच वेळात वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर दिसतं. कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या लोकांना हे मंदिर महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे माहिती असतं. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ची नोंद आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झालं, असं मानलं जातं.

म्हणजे मंदिर शिलाहारांचं. पण त्याचं शिखर ज्या शैलीत आहे, तिचं नाव 'भूमिज'. आणि या शैलीचे नियम ज्या ग्रंथात सविस्तर सापडतात, तो ग्रंथ आहे माळव्याच्या राजा भोजाच्या नावावर.

हो, तोच राजा भोज. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' या म्हणीतला.

म्हणीतला भोज आणि इतिहासातला भोज

भोज परमार घराण्यातला. राजधानी धार. साधारण १०१० ते १०५५ हा त्याचा काळ. वडिलांचं नाव सिंधुराज, काकांचं मुंज.

काका मुंजाने लहानग्या भोजाला मारायचा हुकूम दिला होता, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण मुंजानंतर गादीवर भोज नाही, तर सिंधुराज आला होता. ही गोष्ट भोजाच्या कित्येक वर्षांनंतर लिहिलेल्या प्रबंधांमधून आली. कालिदास भोजाच्या दरबारात होता, हेही तसंच. कालिदास भोजाच्या कित्येक शतकं आधीचा.

गंगू तेली म्हणजे कलचुरी राजा गांगेय आणि चालुक्य राजा तैलप, असंही सांगितलं जातं. पण तैलप भोज गादीवर येण्याआधीच वारला होता. त्यामुळे हा अर्थ ऐकायला छान, पण तारखांमध्ये बसत नाही.

खरा भोज यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे. अल-बिरुनीने १०३० च्या सुमारास भारतावर पुस्तक लिहिलं, त्यात धारमध्ये राज्य करणाऱ्या भोजाचा उल्लेख आहे. काव्यशास्त्र, व्याकरण, योग, ज्योतिष अशा विषयांवरचे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. सगळे त्याने एकट्याने लिहिले की दरबारातल्या पंडितांकडून करून घेतले, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

कोकणावर स्वारी

भोजाचा आणि आपल्या भागाचा थेट संबंधही आहे. १०२० सालचे त्याचे दोन ताम्रपट सापडलेत, एक बेटम्याचा आणि एक बांसवाड्याचा. दोन्ही दानं कोकण जिंकल्याच्या निमित्ताने दिलेली आहेत. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं.

हा विजय फार टिकला नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा जयसिंह कोकणात उतरला. त्याचा १०२४ सालचा ताम्रपट मिरजेचा आहे. पुढे १०२६ मध्ये शिलाहार छित्तराज स्वतःच्या नावाने दानपत्र देताना दिसतो. ते भांडुपला सापडलं. म्हणजे भोजाची सत्ता इथून गेली होती.

पण याच छित्तराजाच्या घराण्याने पुढे अंबरनाथला जे मंदिर उभं केलं, त्याचं शिखर मात्र भूमिज शैलीतलं आहे. आणि ही शैली सगळ्यात जास्त बहरली ती भोजाच्या माळव्यात. राजे एकमेकांशी लढत होते आणि शिखराची रचना मात्र सीमा ओलांडून फिरत होती.

ग्रंथात नेमकं काय आहे?

ग्रंथाचं नाव 'समरांगणसूत्रधार'. ८३ अध्याय, सात हजारांहून जास्त श्लोक. गणपतीशास्त्रींनी संपादित केलेली छापील आवृत्ती बडोद्यातून १९२४-२५ मध्ये आली.

सोशल मीडियावर हा ग्रंथ फिरतो तो पाऱ्यावर उडणाऱ्या लाकडी विमानामुळे. यंत्रांच्या अध्यायात असं वर्णन आहे खरं. पण यंत्रं कशी बनवायची याचे सगळे तपशील मुद्दाम दिलेले नाहीत, हेही तिथेच सांगितलंय. त्या नादात बाकीचा ग्रंथ बाजूला पडतो. तो आहे जमिनीची परीक्षा, नगररचना, घरं, मूर्ती आणि मंदिरं यांच्यावर.

आणि इथे आजच्या आर्किटेक्टला ओळखीचं वाटेल असं काहीतरी सापडतं.

आज बदलापूरला एखादा टॉवर उभा राहायचा असेल, तर आर्किटेक्ट सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी खिडक्या आणि टाइल्स काढत बसत नाही. आधी प्लॉटची हद्द येते. मग उभ्या-आडव्या रेषांची ग्रिड. मग लेव्हल, म्हणजे कुठला मजला किती उंचीवर. त्यावर साधे ठोकळे ठेवून इमारतीचा आकार बघितला जातो. याला मास मॉडेल म्हणतात. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मजल्याची उंची बदलली की त्या लेव्हलला जोडलेल्या भिंती आपोआप वरखाली होतात, कारण आकार आकड्यांना बांधलेला असतो. अशा आकड्याला पॅरामीटर म्हणतात.

समरांगणसूत्रधारातली मंदिरंही अशीच सुरू होतात. आधी चौरस घ्या. त्याचे ठरलेले भाग पाडा. किती भाग गाभाऱ्याला, किती भिंतीला, किती बाहेर येणाऱ्या कोपऱ्यांना, ते ठरवा. उंची रुंदीच्या हिशोबात. मापं मुख्यतः प्रमाणात. त्यामुळे तेच डिझाइन छोटं पण बांधता येतं आणि मोठं पण.

भूमिज म्हणजे आकड्यांचा खेळ

भूमिज शिखराच्या चार बाजूंना मधोमध खालून वर जाणारे चार उभे पट्टे असतात. त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकावर एक, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक भूमी.

आता आकडे बदला. भूमी पाचच्या सात करा, दोन लतांमधल्या उभ्या रांगा तीनच्या पाच करा, की नवीन मंदिर तयार. तळाचा आकार चौरस ठेवा, किंवा चौरस वर्तुळात फिरवून ताऱ्यासारखा करा, की वेगळंच मंदिर. ग्रंथात भूमिज मंदिराचे असे १६ प्रकार दिलेत.

अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज पडलेला आहे. पण लता आणि छोट्या शिखरांच्या रांगा खालच्या भागात दिसतात. रांग वर जाताना कुठल्या हिशोबाने लहान होते ते मोजलं, की हरवलेला भाग निदान कागदावर तरी उभा करता येतो. म्हणूनच मोजमापाला महत्त्व आहे. ब्रिटिश काळात, १८६८ मध्ये, मुंबई सरकारने या मंदिराची ड्रॉइंग्ज आणि साचे करून घ्यायचं काम काढलं, आणि त्यासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची माणसं अंबरनाथला आली होती.

खडकावरची ड्रॉइंग्ज

ग्रंथ वाचून मंदिर बांधता येतं का? पूर्ण नाही. श्लोकांमध्ये बरंच काही सोडून दिलेलं असतं. ते भरून काढायचं काम स्थपतीचं, म्हणजे मुख्य कारागिराचं. तो ते कसं भरायचा, याचं उत्तर भोपाळजवळच्या भोजपूरला आहे.

बेतवा नदीजवळ भोजाने एक प्रचंड शिवमंदिर बांधायला घेतलं. ते पूर्ण झालंच नाही. दगड वर चढवण्यासाठी रचलेला उतार अजून मंदिराच्या मागे आहे. घडवलेले भाग खाणीत पडून आहेत. आणि आजूबाजूच्या खडकांवर रेषांनी कोरलेली ड्रॉइंग्ज आहेत. मंडपाचे प्लॅन, खांब, शिखरं, सगळं.

एरवी इमारत पूर्ण झाली की खाणाखुणा पुसल्या जातात, उतार काढून टाकले जातात. भोजपूरला काम थांबलं म्हणून हे सगळं जागेवर राहिलं. ब्रिटिश अभ्यासक अॅडम हार्डी यांनी ही ड्रॉइंग्ज आणि समरांगणसूत्रधारातले मंदिरांचे अध्याय एकत्र ठेवून अभ्यास केला आणि श्लोकांवरून शिखरं पुन्हा कागदावर काढली.

ही ड्रॉइंग्ज उघड्या खडकावर आहेत. ऊन, पाऊस आणि पायांखाली झिजणाऱ्या रेषा परत आणता येत नाहीत.

शेवट

भोजाचा शेवट काही चांगला झाला नाही. चालुक्य सोमेश्वराने धारवर स्वारी करून शहर लुटलं, जाळलं. भोजाने पुन्हा बस्तान बसवलं, पण कलचुरी कर्ण आणि गुजरातचा भीम हे दोघं एकत्र चालून आले. याच धामधुमीत, १०५५ च्या सुमारास, भोज वारला. सगळ्यात मोठं मंदिर अर्धवट राहिलं.

त्यानंतर साधारण पाच वर्षांनी अंबरनाथचा शिलालेख कोरला गेला. पुढे भोजाच्याच घराण्यातल्या उदयादित्याने विदिशाजवळ उदयपूरला सात भूमींचं उदयेश्वर मंदिर बांधलं. आपल्याकडे सिन्नरचं गोंदेश्वर आणि झोडग्याचं माणकेश्वर ही भूमिज मंदिरं नंतर उभी राहिली.

भोजाने जिंकलेलं कोकण चार-सहा वर्षांत हातातून गेलं. ग्रिड, प्रमाण आणि आकड्यांची ती पद्धत मात्र त्याच्या ग्रंथात राहिली, आणि ती दगडात कशी उतरते हे बघायला आपल्याला सेंट्रल लाइनवर अंबरनाथला उतरलं तरी पुरतं. पुढच्या वेळी मंदिरात गेलात तर गाभाऱ्यात जाण्याआधी एकदा बाहेरून मान वर करा, आणि दोन लतांच्या मधल्या रांगा मोजून बघा.