एका वेळी एकच! रजिस्टरला कुलूप लावायला शिकवणारे डायक्स्ट्रा

एड्सगर डायक्स्ट्रा हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तर बहुतेक सर्वात जवळचा रस्ता शोधणाऱ्या अल्गोरिदममुळे. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोसोबत कॉफी पिता पिता, साधारण वीस मिनिटांत त्यांनी तो कागद-पेनाशिवाय रचला. किस्सा भारी आहे, पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. ते तुमच्या फोनच्या आणि लॅपटॉपच्या कर्नलमध्ये दडलेलं असतं, म्हणून कुणाला दिसत नाही.

डायक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडन विद्यापीठात फिजिक्स शिकत असतानाच, १९५२ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. तेव्हा हा पेशाच कुणाला माहीत नव्हता. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ सांगितला, तर अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही!

खरी परीक्षा आली एक्स-१ नावाच्या मशीनवर. हार्डवेअर बनवणारे त्यांचे सहकारी लोपस्ट्रा आणि स्कोल्टन यांना त्यात इंटरप्ट हवा होता. म्हणजे प्रोसेसर त्याचं काम करत राहील आणि टाइपरायटर किंवा टेप रीडरला काही हवं असेल तेव्हा तेच त्याला मध्येच थांबवतील. वेळ वाचणार होता. पण डायक्स्ट्रांना धडकी भरली. इंटरप्ट नेमका कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. मग आज आलेली चूक उद्या तोच प्रोग्राम चालवून पुन्हा दिसेलच असं नाही. जी चूक पुन्हा दिसत नाही, ती शोधायची कशी? बरेच दिवस त्यांनी ते टाळलं, शेवटी तयार झाले. तो इंटरप्ट हाताळणारा प्रोग्राम त्यांच्या १९५९ च्या पीएचडीचा विषय ठरला.

ही भीती किती रास्त होती ते आजच्या उदाहरणावरून बघू. पीसीमधल्या प्रत्येक पीसीआय डिव्हाइसकडे स्वतःची कॉन्फिगरेशन रजिस्टर असतात. हे डिव्हाइस कोणत्या कंपनीचं, त्याला मेमरीतला कुठला पत्ता दिलाय, ते चालू आहे की बंद, हे सगळं तिथे असतं. जुन्या पद्धतीत ती गाठायला फक्त दोन पोर्ट. एकावर लिहायचं ‘मला अमुक डिव्हाइसचं तमुक रजिस्टर हवंय’, मग दुसऱ्यावरून डेटा वाचायचा किंवा लिहायचा. आता समजा, एका कोरने नेटवर्क कार्डचा पत्ता लिहिला आणि तेवढ्यात दुसऱ्या कोरने ग्राफिक्स कार्डचा लिहिला. पहिला कोर बिनधास्त डेटा लिहितो आणि तो जातो ग्राफिक्स कार्डात! एरर येत नाही. मशीन मात्र कधीतरी हँग होते.

आजच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये ही रजिस्टर थेट मेमरीच्या पत्त्यांवर दिसतात, त्यामुळे नुसतं वाचणं एका पायरीत होतं. पण एकच बिट बदलायचा तर वाचा, बदला, परत लिहा हे तिन्ही करावंच लागतं. मध्ये कुणी घुसलं की घोळ झालाच.

डायक्स्ट्रांनी याला सिद्ध करता येणारं उत्तर दिलं. दोन प्रोसेससाठी डेकर या डच गणितज्ञाने मार्ग काढला होता. कितीही प्रोसेस असोत, नाजूक भागात एका वेळी एकच जाईल याची पद्धत डायक्स्ट्रांनी १९६५ मध्ये जेमतेम एका पानात छापली. आणि त्यांचा सेमाफोर! नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. आत जाण्याआधी ‘पी’, बाहेर पडताना ‘व्ही’. सिग्नल पडलेला असेल तर बाहेर थांबायचं.

लिनक्समध्ये त्या दोन पोर्टभोवती आजही असंच एक कुलूप आहे. ते घेताना त्या कोरवरचे इंटरप्टही बंद केले जातात. का? कुलूप हातात असताना त्याच कोरवर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरनेही तेच कुलूप मागितलं, तर तो कायमचा वाट बघत बसेल, कारण कुलूप सोडणारा त्याच्याच खाली अडकलेला असतो. एक्स-१ च्या वेळची काळजी मला इथे स्पष्ट दिसते.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनला प्राध्यापक झाले. तिथे छोट्याशा टीमसोबत त्यांनी एक्स-८ मशीनसाठी ‘टीएचई’ ही ऑपरेटिंग सिस्टिम थरांमध्ये बांधली आणि १९६८ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. प्रोसेसर वाटणं आणि टायमरचे इंटरप्ट सगळ्यात खालच्या थरात, मेमरी त्यावर, प्रिंटरसारखी उपकरणं आणखी वर. सगळ्यात वरच्या थराला इंटरप्टचं नावही काढावं लागत नसे. ॲपला थेट रजिस्टरला हात लावू न देणाऱ्या आजच्या कर्नलची ही जवळची पूर्वज आहे, असं माझं मत.

१९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते अमेरिकेत ऑस्टिनला शिकवत होते, ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समध्ये वारले. आयुष्यातला बराच काळ त्यांनी कॉम्प्युटरऐवजी फाउंटन पेननेच लिहिलं. तेराशेहून जास्त टिपणं. त्यातली बरीचशी स्कॅन होऊन टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर मोफत आहेत, अक्षर इतकं सुरेख की फोनच्या स्क्रीनवरही सहज वाचता येतं.