नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला.

धर्मांतर

रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते अंतर्मुख झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहिल्या. पुढे १९०० मध्ये स्वतः विचार करून त्यांनीही तो धर्म स्वीकारला.

आत्मपरीक्षण

टिळकांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा साधनेचा केवळ आरंभ होता. संतांच्या अभंगपरंपरेतून त्यांनी ख्रिस्तभक्ती आणि स्वतःच्या उणिवांची कबुली व्यक्त केली. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तो खुला होता.

खानदेशाशी संबंध

१९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्यांचा पुढाकार होता. धरणगावचे बालकवी ठोंबरे यांना त्यांनी अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांच्या औदार्याबरोबरच शीघ्रकोपी स्वभावाचेही प्रांजळ चित्रण आहे. त्यामुळे त्यांच्या अभंगांतील पश्चात्तापामागचा झगडा वाचकाला समजतो.