नाना फडणवीस : बातमीच्या बळावर उभी राहिलेली सत्ता

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यात झाला. पानिपतच्या संहारातून ते जीव वाचवून परतले. तलवारबहाद्दर म्हणून त्यांची ख्याती कधीच झाली नाही. त्यांचे शस्त्र होते बातमी.

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांविरुद्ध बारभाईंनी मसलत उभारली आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे चालणारा कारभार हळूहळू नानांच्या हाती एकवटला. दरबारोदरबारीच्या वकिलांची व हेरांची पत्रे त्यांच्यापर्यंत पोहोचत. १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तेव्हा तिच्या वाटेवरची दाणावैरण नष्ट करण्यात आली आणि महादजी शिंद्यांनी वडगावात तिची कोंडी केली. पुढच्याच वर्षी नानांनी निजाम, हैदर अली व नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध जूट बांधली. निजाम व भोसले यांना इंग्रजांनी फोडले खरे. परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांचा पेशवाईवरील दावा कायमचा मिटला.

१७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि ज्या नावावर ही सत्ता उभी होती, ते नावच उरले नाही. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या फिरंगी सरदाराच्या शब्दावर विसंबून नाना छावणीत गेले आणि कैद झाले. सुटकेनंतर कारभार पुन्हा हाती आला. पण १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले. सारी सूत्रे एकाच मस्तकात साठलेली. ती पेलणारा वारस त्यांनी घडवला नव्हता. तीन वर्षांच्या आतच दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली.