घर नसलेल्यांना घराचं शास्त्र शिकवणारे अण्णा

मागच्या नाताळात पांढुर्ण्याला घरी गेलो, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं तिची प्रॅक्टिकलची वही माझ्यासमोर टाकली. ती होम सायन्सला आहे. वहीत हळदीची तपासणी होती: चिमूटभर हळद, थोडं पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब. गुलाबी रंग आला आणि आणखी पाणी घालूनही तो गेला नाही, तर हळदीत मेटॅनिल यलो हा रंग मिसळलाय असं समजायचं. पुढच्या पानांवर कापडाचे तुकडे चिकटवलेले, पाकिटावरचं लेबल कसं वाचायचं त्याचा तक्ता, आणि फसवणूक झाली तर ग्राहकानं तक्रार कशी लिहायची त्याचा नमुना.

मी गप्प झालो. कारण दोन वर्षांपूर्वी तिनं हा विषय घेतला तेव्हा मीच सगळ्यांसमोर हसलो होतो. पोळ्या लाटायला शिकण्यासाठी फी कशाला भरायची, असं काहीसं बोललो होतो. बाबाही हसले होते. आई मात्र हसली नव्हती. ती तेव्हा पोळ्याच लाटत होती.

म्हणून मंडळानं यंदा एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं, तेव्हा मी महर्षी कर्वे निवडले. त्यांना आपण विधवांचे कैवारी म्हणून ओळखतो. पण आपल्या भाषेत, विद्यापीठाच्या पातळीवर, गृहजीवनाला अभ्यासाचा विषय म्हणून जागा दिली तीही त्यांनीच.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. गाव कोकणातलं मुरूड, परिस्थिती बेताची. सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून हा मुलगा भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. तिथं साहेबाला तो सतरा वर्षांचा वाटेना, म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. आल्या पावली परत. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली.

त्या काळी विधुर पुरुषानं लहान मुलीशी लग्न करणं अगदी सहज मानलं जाई. अण्णांनी ते नाकारलं. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, त्यामुळे त्या सदनावर पुण्यात केवढं वादळ उठलं होतं हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. लग्नानंतर मुरूडकरांनी अण्णांना वाळीत टाकलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

१८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. कॉलेजचे तास संपले की गणिताचे हे प्राध्यापक पायी हिंगण्याला जात आणि तिथं पुन्हा शिकवत. आश्रमातल्या मुलींना सासर नव्हतं, माहेरी त्या ओझं होत्या. म्हणजे ज्यांना स्वतःचं घरच नव्हतं, त्यांच्यापासून अण्णांचं काम सुरू झालं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे जपानच्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक त्यांच्या हाती आलं. टोकियोतलं हे विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये काढलं होतं. नारुसे आधी ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तिथं साहित्याच्या बरोबरीनं गृहशास्त्राचा विभाग होता. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना अण्णांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, आणि पहिल्या वर्गात बोटांवर मोजता येतील एवढ्याच मुली होत्या. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी सोडायचं नाही, आणि गृहजीवनशास्त्र व आरोग्य हे विषय अभ्यासक्रमात हवेतच, असं त्यांचं धोरण होतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं, तेच आजचं एस. एन. डी. टी.

टीका झालीच. मुलींना वेगळा अभ्यासक्रम म्हणजे त्यांना कमी लेखणं, असं अनेकांचं म्हणणं होतं. त्याआधी आगरकरांनी तर मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावं असा आग्रह धरला होता. खरं सांगायचं तर इथं माझं मन आगरकरांकडे झुकतं. घर चालवणं हे शास्त्र असेल तर ते मुलीनंच का शिकावं? हॉस्टेलवर मला साधा भात जमत नाही, याला माझ्या अभ्यासक्रमाचाही थोडा दोष आहेच! पण अण्णांच्या बाजूनं एक गोष्ट दिसते. बाईच्या ज्या कामाला कुणी ज्ञान समजत नव्हतं, ते काम त्यांनी परीक्षेच्या आणि पदवीच्या रांगेत आणून बसवलं. त्या पदवीला कायद्याची मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडलं. तोवर पस्तीस वर्षं ते चिकाटीनं टिकून राहिले.

साधारण याच काळात अमेरिकेतही हा विषय उभा राहत होता. एलन स्वॉलो रिचर्ड्स या एम. आय. टी.त शिकलेल्या पहिल्या बाई. त्या रसायनशास्त्रज्ञ, पाणी आणि अन्न तपासणाऱ्या. होम इकॉनॉमिक्सची चळवळ त्यांनी उभी केली. त्यांच्या संघटनेनं १९९४ मध्ये नाव बदललं आणि विषय फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस झाला. बहिणीच्या वहीतला तक्रारीचा नमुना येतो तो याच वाटेनं.

अण्णांचं चरित्र वाचताना एक गोष्ट मात्र बोचत राहते. त्यांची मिळकत आणि वेळ संस्थांकडे जायचा, आणि घर ओढायच्या बाया. त्यांनी नंतर माझे पुराण लिहिलं म्हणून ती बाजू आपल्याला कळते. वसंत कानेटकरांना त्यातूनच हिमालयाची सावली हे नाटक दिसलं. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या हिंगण्याच्या आश्रमात राबल्या, आणि पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं, संस्थेसाठी पैसा उभा करायचा, आणि पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम करायचं. गृहजीवनशास्त्राची पदवी या दोघींकडे नव्हती. पण ते विद्यापीठ उभं राहिलं त्यात या दोन बहिणींच्या घरकामाचाही वाटा आहे. चरित्र एकाचं लिहितात, पण तो संसार कितीतरी जणांचा असतो.

अण्णांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आमच्या चर्चमध्ये मार्था आणि मरियेचं शुभवर्तमान वाचलं जातं, तेव्हा प्रवचनात बहुतेक वेळा मरियेचं कौतुक होतं. ती प्रभूच्या पायाशी ऐकत बसली, तिनं चांगला वाटा निवडला. मला लहानपणापासून वाटायचं, मग जेवण कुणी करायचं? अण्णांची शाळा मला त्या प्रश्नाजवळची वाटते. मार्थेलाही बसून शिकता यावं, आणि तिचं काम हेसुद्धा शिक्षण मानलं जावं, असं काहीसं.

सुट्टी संपवून नागपूरच्या गाडीत बसायच्या आधी मी बहिणीजवळ त्या हसण्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली की माफी आईकडे माग, कारण घरातली हळद ती गेली कित्येक वर्षं नुसत्या वासावरून पारखून घेते आणि तिला कुणी पदवी दिली नाही. आई तेव्हा माझा डबा बांधत होती. मी तिच्याजवळ गेलो खरा, पण शब्द काही फुटले नाहीत. मग पोळी कशी लाटायची ते दाखव म्हणालो. पहिली पोळी पार नकाशासारखी झाली. आईनं तीही डब्यात ठेवली.