राजधानी वाचवायला धावलेला सेनापती राजधानीतच फितूर ठरला: युआन चोंगहुआनची गोष्ट

चिनी ऐतिहासिक मालिका पाहणाऱ्यांना एक प्रसंग पाठ असतो. शहराला वेढा पडलाय, तटावर मोजकी शिबंदी आहे, खाली नजर पोहोचेल तिथवर शत्रूची फौज आहे आणि माघारीचा हुकूम धुडकावून एक सेनापती बुरुजावर उभा आहे. हे सगळं पटकथाकारांच्या डोक्यातून आलेलं नाही. 1626 साली ईशान्य चीनमधल्या निंगयुआन शहरात जवळपास असंच घडलं होतं.

त्या सेनापतीचं नाव युआन चोंगहुआन. हाँगकाँगचे लोकप्रिय कादंबरीकार जिन योंग यांनी 1956 साली 'बीश्वेजियान' ही कादंबरी लिहायला घेतली. तिचा नायक म्हणजे याच युआनचा काल्पनिक मुलगा. तिच्यावर अनेकदा मालिका निघाल्या आणि युआनचं नाव घराघरात पोहोचलं. पण खऱ्या युआनची गोष्ट मालिकेपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

गंमत म्हणजे हा माणूस शिपाईगडी नव्हताच. जन्म 1584 चा, दक्षिण चीनमधला. अनेक वर्षं अभ्यास करून 1619 मध्ये तो सर्वोच्च राजपरीक्षा पास झाला. आपल्याकडच्या यूपीएससीसारखंच समजा, फक्त अभ्यासक्रम प्राचीन ग्रंथ आणि निबंधांचा. नेमणूक मिळाली ती फुजियान प्रांतातल्या एका तालुक्याचा कारभारी म्हणून. तिथे त्याला एकच नाद होता. सीमेवरून परतलेला म्हातारा सैनिक भेटला की त्याला बसवून घ्यायचं आणि तिकडचे किल्ले, खिंडी, वाटा यांची माहिती काढायची.

तो परीक्षा पास झाला, त्याच वर्षी मिंग साम्राज्याच्या फौजेचा सारहू इथे दारुण पराभव झाला होता. जुर्चेन टोळ्यांना एकत्र करणारा नूरहाची (यांनाच पुढे मांचू म्हटलं गेलं) एकामागून एक शहरं घेत सुटला. 1621 मध्ये शेनयांग आणि लियाओयांग गेलं, 1622 मध्ये ग्वांगनिंग. बीजिंगमध्ये घबराट पसरली.

युआन तेव्हा कामानिमित्त राजधानीतच होता. तो कुणालाही न सांगता घोड्यावर बसून एकटाच शानहाई खिंडीकडे गेला. लांब भिंत जिथे समुद्राला मिळते ती ही खिंड, म्हणजे बीजिंगचा दरवाजाच. सगळी पाहणी करून तो परतला आणि सैन्य, पैसा आणि धान्य दिलं तर ही जागा आपण एकटे सांभाळू, असं त्याने दरबारात सांगितलं. एरवी असल्या बढाईला कुणी विचारलं नसतं. पण तेव्हा तिकडे जायला दुसरं कोणी तयारच नव्हतं, त्यामुळे त्याला पाठवण्यात आलं.

त्याचा वरिष्ठ सुन चेंगझोंग जाणता होता. खिंडीच्या मागे दबून बसण्यापेक्षा पुढे सरकून तटबंदी उभारायची, हे त्याला पटलं. खिंडीपासून सुमारे 100 किलोमीटर पुढे निंगयुआन होतं. युआनने त्याचे तट उंच आणि जाड करून घेतले. 1624 पर्यंत ते काम झालं. पण दरबारातल्या राजकारणात सुनची गच्छंती झाली आणि नव्या वरिष्ठाने पुढची सगळी ठाणी सोडून खिंडीच्या आत या, असा हुकूम काढला. इतर ठाणी रिकामी झाली. घाईत हजारो पोती धान्यही मागेच राहिलं. युआन मात्र हलला नाही. निंगयुआन ही आपली नेमणुकीची जागा आहे आणि मरायचं तर इथेच, असं त्याने कळवून टाकलं.

1626 च्या सुरुवातीला, ऐन थंडीत, नूरहाची आला. त्याच्या फौजेचा आकडा लाखाच्या पुढे सांगितला जातो, तो फुगवलेला असेलही. युआनकडे 20,000 पेक्षा कमी सैनिक होते, हे मात्र नक्की. त्याने तटाबाहेरची घरं जाळली आणि माणसं आत घेतली. रक्ताने शपथ लिहून ती सैनिकांसमोर ठेवली. मागच्या ठाण्यांना निरोप धाडला की निंगयुआनहून पळून आलेला कुणी दिसला तर त्याचं डोकं उडवा. पळायची वाटच बंद करून टाकली म्हणा ना.

त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. तटावर 11 युरोपीय बनावटीच्या तोफा चढवलेल्या होत्या. पोर्तुगीजांच्या मकाऊमुळे या तोफा आणि त्या चालवण्याचं तंत्र चीनला ठाऊक झालं होतं. (मकाऊचा कारभार तेव्हा गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता.) मोकळ्या मैदानात घोडदळ या जड तोफांना सहज चुकवायचं, पण तटावरून दाटीवाटीने उभ्या असलेल्या फौजेवर डागल्या की त्यांचा मारा भयंकर होता.

तरीही जुर्चेन सैनिक जाड छपराच्या गाड्यांच्या आडोशाने तटाच्या पायथ्याशी पोहोचले आणि गोठलेल्या तटाला खालून भगदाडं पाडू लागले. तिथे तोफेचा उपयोग नव्हता. मग तेलात भिजवून त्यात दारू भरलेल्या रजया पेटवून वरून सोडण्यात आल्या. दोन दिवस हल्ले झाले आणि नूरहाचीला माघार घ्यावी लागली. जाता जाता त्याच्या फौजेने गोठलेला समुद्र ओलांडला, जवळच्या बेटावरचा धान्यसाठा जाळला आणि हजारो माणसं मारली. विजयाच्या गोष्टीत हा भाग सहसा वगळला जातो.

काही महिन्यांनी नूरहाची वारला. तोफेच्या जखमेने की आजाराने, यावर आजही वाद आहे. युआनने काय केलं? दुखवट्याच्या निमित्ताने शत्रूकडे आपली माणसं पाठवली. हेतू हेरगिरीचा होता आणि तहाची चाचपणी करण्याचाही. तटबंदी पूर्ण करायला वेळ हवा होता, म्हणून बोलणी चालू ठेवायची, असा त्याचा हिशेब. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता, पण पुढे हीच गोष्ट त्याच्या गळ्याशी आली.

1627 मध्ये नूरहाचीचा मुलगा होंग ताइजी चालून आला. जिनझोउ आणि निंगयुआन, दोन्ही ठिकाणी त्याला मार खावा लागला. तरीही दरबारात वजन असलेला खोजा वेई झोंगशियान याच्या गटाने युआनला श्रेय दिलं नाही, उलट राजीनामा देऊन घरी जायची वेळ आणली.

त्याच वर्षी बादशहा वारला आणि चोंगझेन गादीवर आला. वेई संपला आणि 1628 मध्ये युआनला परत बोलावणं आलं. नवा बादशहा अवघ्या 17 वर्षांचा, कष्टाळू आणि तितकाच संशयी. त्याच्यासमोर युआनने पाच वर्षांत गेलेला सगळा मुलूख परत मिळवून देतो, असं वचन दिलं. नंतर एका सहकाऱ्याने योजना विचारली तेव्हा युआनने कबूल केलं की बादशहाला धीर यावा म्हणून आपण तसं बोललो. सहकारी हादरला. हा बादशहा पाचव्या वर्षी हिशेब मागेल, याची जाणीव त्याने युआनला करून दिली.

दुसरी चूक याहून मोठी. कोरियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून माओ वेनलोंग हा मिंग सेनापती जुर्चेनांच्या पिछाडीला त्रास देत होता. सैनिकांचे आकडे फुगवून पगार लाटणं, मनमानी करणं असे त्याच्यावरचे आरोप बऱ्याच अंशी खरे असावेत. जुलै 1629 मध्ये युआन त्याला बेटावर भेटला, 12 गुन्हे वाचून दाखवले आणि तिथल्या तिथे शिरच्छेद केला. बादशहाला कळवलं ते नंतर. निंगयुआनला वरिष्ठाचा हुकूम मोडून तो नायक ठरला होता. इथेही तो स्वतःच्या मनानेच वागला, फक्त यावेळी मारला गेलेला माणूस आपल्याच बाजूचा होता. माओचे काही अधिकारी पुढे तोफांसह मांचूंना जाऊन मिळाले.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस होंग ताइजीने निंगयुआनला हातच लावला नाही. मंगोलियाच्या बाजूने वळसा घालून तो लांब भिंतीतून आत शिरला आणि थेट बीजिंगच्या दिशेने निघाला. युआन सुमारे 9,000 घोडेस्वार घेऊन रात्रंदिवस दौडत राजधानीला पोहोचला. ग्वांगचू दरवाजाबाहेर तो स्वतः लढला. त्याच्या चिलखतात बाण रुतले, पण शत्रू मागे हटला. दमलेल्या सैनिकांना शहरात घ्यावं, ही त्याची विनंती मात्र बादशहाने नाकारली.

तटाआड लोक कुजबुजत होते की यानेच शत्रूला इथवर आणलं. तहाची बोलणी आणि माओचा खून एकत्र जोडले की फितुरीची गोष्ट आपोआप तयार होत होती. त्यात होंग ताइजीने भर घातली. कैदेतल्या दोन खोजांना ऐकू जाईल अशा बेताने त्याच्या अधिकाऱ्यांनी युआनशी झालेल्या गुप्त कराराबद्दल बोलायचं आणि मग खोजांना पळू द्यायचं. 'तीन राज्यं' या जुन्या कादंबरीत शोभेल असा हा डाव खुद्द मांचूंच्याच दप्तरात नोंदलेला आहे. तो निर्णायक ठरला की बादशहाने आधीच ठरवलं होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

जानेवारी 1630 मध्ये पगाराच्या चर्चेसाठी म्हणून युआनला बोलावलं गेलं. दरवाजे बंद होते, म्हणून त्याला टोपलीत बसवून तटावरून आत घेतलं, असं सांगतात. आत जाताच अटक झाली. चिडलेला त्याचा सरदार झू दाशोउ फौज घेऊन निघून गेला, तर युआननेच तुरुंगातून पत्र लिहून त्याला परत फिरवलं.

22 सप्टेंबर 1630 ला बीजिंगच्या बाजारात त्याचे जिवंतपणी तुकडे करण्यात आले. आपल्या हालांना हाच जबाबदार, असं मानणाऱ्या गर्दीने ते मांस विकत घेऊन खाल्लं, असं त्या काळातल्या लेखकांनी लिहून ठेवलंय. 14 वर्षांनी बीजिंग पडलं, तेही आतल्याच बंडखोरांच्या हातून. चोंगझेनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला आणि पाठोपाठ मांचू आत आले.

युआनचं नाव अधिकृतपणे निर्दोष केलं ते याच मांचूंच्या चियानलोंग बादशहाने, दीडशे वर्षांनंतर. नूरहाचीच्या वंशजाने!

त्याचं डोकं रात्री चोरून नेऊन पुरलं ते शे आडनावाच्या एका सेवकाने, अशी परंपरा आहे. ती कबर बीजिंगमध्ये, ग्वांगचू दरवाजाच्या परिसरात आजही आहे आणि सेवकाच्या घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. मूळ पुरुषाने आपल्या मुलाबाळांना दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या, असं त्या घरात सांगत आले: दक्षिणेला परत जायचं नाही, आणि सरकारी चाकरी करायची नाही.